सायलेंट हंटर ३ की ४: बुडायचंय कुठे?

‘सायलेंट हंटर’ या पाणबुडीच्या कॉम्प्युटर गेमचे हे दोन भाग. धाकटा भाऊ विचारतो, दोन्हींतला एकच घ्यायचाय, खरा वाटणारा कुठला? मी एकच बघतो: पाणबुड्या दुसऱ्या महायुद्धात ज्या कारणांनी बुडाल्या, त्या कारणांनी खेळात आपण मरतो का?

तिसऱ्या भागात आपण जर्मन. मे १९४३ या एका महिन्यात जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या; विमानं, रडार आणि मालवाहू जहाजांच्या काफिल्यांचे पहारेकरी यांनी जीव नकोसा केला होता. खेळातही सुरुवातीची वर्षं सुखाची. पुढे मात्र रात्री वर येऊन बॅटरी चार्ज करायला घेतली की टेहळणीवाला ओरडतो, ‘विमान!’ आणि डुबकी मारेपर्यंत उशीर झालेला असतो. हे छान जमलंय.

चौथ्यात पॅसिफिक आणि अमेरिकन पाणबुड्या. युद्धात त्यांच्या ५२ गेल्या, पण इथली भीती वेगळी: आपलाच टॉर्पेडो. त्यांचा मार्क १४ जातीचा टॉर्पेडो ठरवल्यापेक्षा खोल जायचा, धडकूनही फुटायचा नाही. ऑक्टोबर १९४४ मध्ये ‘टँग’ ही अमेरिकन पाणबुडी स्वतःच्याच गोल फिरून आलेल्या टॉर्पेडोने बुडाली. ८७ पैकी ९ जण वाचले. म्हणून खराब टॉर्पेडोंचा पर्याय चालूच ठेव, नाहीतर खेळ नुसता शिकार होतो.

मेहनत? नेम स्वतः धरायचा तर दोन्हीकडे सारखीच डोकेफोड. दिसायला चौथा सरस.

हळूहळू आवळत जाणारा फास हवा असेल तर तिसरा. लांबलचक गस्त आणि सोबत रडार हवं असेल तर चौथा. तुझा स्वभाव बघता तू तिसराच घे.