उपवासकाळातला ‘गर्व आणि नम्रता’ वर्ग, ठाणे पश्चिम: पाचपैकी साडेतीन

ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळातले बुधवार: पहिल्या दिवसाचा राखेचा बुधवार आणि शेवटच्या, पवित्र आठवड्यातला बुधवार सोडून मधले पाच बुधवार, संध्याकाळी साडेसात ते नऊ. पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हॉलमध्ये, संपूर्ण मराठीत. फी नाही, छापील पानांचे 100 रुपये घेतात. पंधरा मिनिटं वाचन, पाऊण तास विवेचन, उरलेला अर्धा तास सहा-सात जणांच्या गटात चर्चा. कॅथलिक नसलेल्यांनाही बसू देतात.

पहिला बुधवार शब्दांचा. मराठीत ‘अभिमान’ चांगल्या अर्थानेही चालतो, म्हणून इथे ‘गर्व’ हाच शब्द धरला आहे, हे बरं केलं. नव्या करारातल्या नम्रतेमागचा ग्रीक शब्द ‘तापेइनोस’, म्हणजे खालचा, हलका. त्या समाजात तो कुणाची स्तुती करायला वापरत नसत. लॅटिन ‘हुमिलितास’चं नातं ‘हुमुस’शी, म्हणजे मातीशी. इथपर्यंत छान.

बायबल नेताना एक काळजी घ्या. पहिल्याच पानावर सिराख या कॅथलिक बायबलमधल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायाचा दाखला आहे आणि 66 पुस्तकांच्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये सिराख नसतं. बरेच जण पानं चाळत राहतात. शिवाय पानावर छापलेलं ‘सर्व पापांचा आरंभ गर्व’ हे वाक्य लॅटिन पाठातलं आहे. ग्रीक पाठात उलट, गर्वाचा आरंभ पाप असं येतं, आणि त्याआधीच्या ओळीत देवापासून दूर जाणं ही गर्वाची सुरुवात म्हटली आहे. संत ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडितांनी लॅटिन वाक्यावरच भर दिला, त्यामुळे ते वगळता येत नाही, पण पाठभेद सांगायला दोन मिनिटंही लागली नसती.

दुसरा बुधवार सगळ्यात कसदार. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियस या संन्याशाच्या आठ दुष्ट विचारांत मिरवण्याची हाव आणि गर्व वेगवेगळे आहेत. मिरवणाऱ्याला बघणारे लागतात, गर्विष्ठाला कुणीच लागत नाही. सहाव्या शतकात पोप ग्रेगरी यांनी गर्वाला यादीतून काढून सातही पापांचं मूळ ठरवलं आणि त्याचे चार प्रकार सांगितले: माझ्यातलं चांगलं माझंच आहे, ते देवाने दिलं, पण माझी लायकी होती म्हणून, जे माझ्यात नाही त्याची बढाई, आणि इतरांना तुच्छ लेखून हे फक्त माझ्याकडेच दिसावं ही इच्छा. हे चार हातात घेऊन लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, वाचला की दाखला एकदम उघडतो. तो प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानून करतो. म्हणजे पहिल्या प्रकारात तो बसत नाही. आठवड्यातून दोनदा उपास आणि दशमांश मोजून दाखवतो तिथे दुसरा, आणि शेजारच्या जकातदाराकडे बोट करतो तिथे चौथा. हा दाखला ऐकून ‘बरं झालं, मी त्या परूश्यासारखा नाही’ असं मनात आलंच, तर त्याचं काय करायचं, यावर गटात छान हशा आणि शांतता दोन्ही होतात.

तिसऱ्या बुधवारी संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतला सातवा अध्याय, नम्रतेच्या बारा पायऱ्या. देवाचं भय ही पहिली आणि खाली वळलेली नजर शेवटची, म्हणजे आतून बाहेर असा क्रम. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी हीच शिडी उलटी लावली. त्यांच्याकडे गर्वाची पहिली पायरी म्हणजे नसती चौकशी, इकडेतिकडे डोकावणं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राहणाऱ्यांना वेगळं उदाहरण नको. घरी भरायचा तक्ताही इथेच मिळतो. रोज रात्री दहा मिनिटं, तीन ओळी: प्रसंग काय, कुणाच्या कौतुकाची अपेक्षा होती, ते न मिळाल्यावर काय केलं. तक्ता उत्तम आहे. चूक पुढच्या आठवड्यात होते, तो गटात मोठ्याने वाचायला लावतात. दुसऱ्याच माणसापासून ‘मी किती वाईट’ची चढाओढ लागते. घरीच ठेवा, फार तर कन्फेशनला जाताना सोबत न्या.

चौथ्या बुधवारी फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय आणि सोबत तुकोबांची मुंगी. जोडी लगेच पटते, पण घसरतेही. अभंगात लहानपण मागायचं कारण असं की मोठ्याला अंकुशाचा मार बसतो. पौलाच्या या पत्रात मोठेपण आधीच ज्याच्याकडे आहे तो ख्रिस्त ते धरून न ठेवता स्वतःला रिक्त करतो. हा फरक न सांगता दोन्ही एकच म्हणून पुढे जातात.

शेवटच्या बुधवारी योहान 13, म्हणजे येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग, प्रत्यक्ष पाय धुऊन. परात, तांब्या, कोमट पाणी, प्रत्येकाला वेगळा टॉवेल, तयारी चोख. मात्र पाय धुवायला कमिटीतली माणसं आणि धुवून घ्यायला तीच, सगळे घरून पाय घासून आलेले. आपल्याकडे पाय धुणारा भक्त आणि धुवून घेणारा गुरू असतो, म्हणून उलटापालट नीट समजावून द्यावी लागते. येशू ‘गुरू’ आणि ‘प्रभू’ ही नावं नाकारत नाही, उलट ती बरोबर आहेत म्हणतो. आणि पाय पुढे करायला नकार देणाऱ्या पेत्र या शिष्याचा संकोचही गर्वाच्या जवळचा असू शकतो, यावर एक शब्द नाही.

दीड तारा कापला तो मुख्यतः एका गोष्टीसाठी. पाचही दिवस नम्रता सगळ्यांना एकाच मापाने वाटली जाते. घरात जिचं कुणी ऐकत नाही त्या सुनेला आणि ट्रस्टच्या खजिनदाराला एकच औषध. संत थॉमस अक्वायनस यांनी नम्रतेच्या जोडीला उदात्त ध्येय धरण्याचा सद्गुण ठेवला आणि अंगातली कुवत वापरायला कचरण्याला पाप म्हटलं. ते एक पान जोडलं असतं तर अर्ध्या वर्गाचं भलं झालं असतं.

आणखी एक, ठाणेकर म्हणून खटकलेलं. फ्रान्सिस ऑफ असिसी यांनी आपल्या संघाला ‘लहान बंधू’ हे नाव मुद्दाम दिलं. त्यातले चौघे 1321 मध्ये इथे ठाण्यातच मारले गेले. त्यांचा साधा उल्लेखही नाही.

स्टेशनहून शेअर रिक्षा सोयीची, हॉलजवळ गाडी लावायला जागा नाही. पाचही जमत नसतील तर दुसरा आणि तिसरा बुधवार धरा.