उद्यानाशेजारचं रान वाचवायचंय: विकत घ्यावं, करारात बांधावं की भाड्यानं धरावं?

उद्यानाच्या हद्दीला लागून असलेला रानाचा तुकडा विक्रीला निघाला की पहिली सुचते ती वर्गणी. आवाहन करू, पैसे जमवू, जमीन घेऊन टाकू. पुष्कळदा हेच बरोबर असतं. पण ‘घेऊन टाकू’ म्हणताना कुणाच्या नावावर, हा प्रश्न मागे पडतो, आणि पुढच्या वर्षीचा खर्च कोण करणार हा तर त्याच्याही मागे. वर्गणी गोळा करायला निघालेल्यांसाठी आणि ती द्यावी का या विचारात असलेल्यांसाठी ही तुलना आहे. मार्ग ठळकपणे चार: जमीन घेऊन उद्यानात मिळवणं, घेऊन विश्वस्त संस्थेकडे ठेवणं, मालकी तशीच ठेवून फक्त बांधकामाचा हक्क विकत घेणं, आणि दरवर्षी भाडं देऊन ती मोकळी ठेवणं.

विकत घेऊन उद्यानात मिळवणं

न्यूझीलंडमधलं आवारोआ हे याचं सगळ्यांना आवडणारं उदाहरण. एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानाला लागून सात हेक्टरांहून थोडी अधिक खासगी जमीन, आणि तिच्यापुढे सोनेरी वाळूचा किनारा. ती निविदा मागवून विकली जाणार होती. २०१६ च्या सुरुवातीला दोघा साध्या नागरिकांनी इंटरनेटवर वर्गणी उघडली आणि काही आठवड्यांत सुमारे ४० हजार लोकांनी मिळून जवळपास २३ लाख न्यूझीलंड डॉलर जमवले. सरकारने साडेतीन लाखांची भर घातली, बोली लागली, आणि त्याच जुलैमध्ये किनारा उद्यानात गेला.

मधल्या काळात गॅरेथ मॉर्गन या धनिकाने मोठी रक्कम देऊ केली होती. अट एवढीच, की जागेचा काही भाग त्याच्या कुटुंबाला वापरायला मिळावा. जमवणाऱ्यांनी नको म्हटलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. एकाच्या मोठ्या रकमेला अट चिकटली की बाकीच्या हजारोंच्या छोट्या रकमा त्याच्या सोयीसाठी दिल्यासारख्या होतात.

आवारोआ जमलं कारण सगळं जुळून आलं होतं. जागा छोटी, विक्रेता एक, मुदत ठरलेली, आणि घेतल्यावर सांभाळायला शेजारी उद्यान तयार. यातली एक गोष्ट जरी नसती तरी चित्र वेगळं दिसलं असतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या प्रिन्सेस लुईझा खाडीकाठची सुमारे ८०० हेक्टर जमीन २०१९ मध्ये अशाच लोकवर्गणीतून ३० लाख कॅनेडियन डॉलरला घेतली गेली. हेक्टरी हिशेब काढून पाहा. आवारोआला नुसती लोकांची वर्गणीच हेक्टरी तीन लाखांच्या वर जाते, इथे हेक्टरी पावणेचार हजार. डॉलर वेगळे आहेत हे धरूनही फरक डोळ्यात भरतो. लोक समुद्रकिनाऱ्यासाठी पैसे देतात, कारण त्यांना तिथे जायचं असतं. उतारावरच्या दाट, पोचायला अवघड जंगलासाठी खिसा इतक्या सहज उघडत नाही, मग प्राण्यांना ते कितीही गरजेचं असो. देणाऱ्याने स्वतःला हा प्रश्न जरूर विचारावा: मी रान वाचवतोय की माझी सहलीची जागा? दुसरं उत्तर आलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ते माहीत असावं.

या मार्गाची खरी अडचण भावाची. अमेरिकेत ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानाच्या आतच वायोमिंग राज्याच्या मालकीचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे तुकडे होते. वायोमिंगला १८९० मध्ये राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा शाळांच्या खर्चासाठी मिळालेल्या जमिनींपैकी हे. त्यांतून शाळांसाठी जास्तीत जास्त उत्पन्न काढणं हे राज्याचं कर्तव्यच, त्यामुळे ‘निसर्गासाठी स्वस्तात द्या’ म्हणायला जागा नव्हती. त्यांतला एक तुकडा २०१६ मध्ये ४ कोटी ६० लाख डॉलरला घेतला गेला, निम्मे सरकारचे, निम्मे देणगीदारांचे. दुसरा, केली गावाजवळचा, पुढे राहिला. मधेच राज्याने त्याचा जाहीर लिलाव करायचा विचार मांडला, लोकांच्या हरकतींचा पाऊस पडला, आणि अखेर २०२४ च्या डिसेंबरात तो १० कोटींना गेला. विक्रेता तोच, क्षेत्रफळ तेवढंच, आठ वर्षांत भाव दुपटीच्या वर.

वर्गणी नेमकी कुठे उपयोगी पडते हे केलीच्या तुकड्यावरून कळतं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने भूमी व जलसंवर्धन निधीतून ६ कोटी २४ लाख दिले, कारण जमिनीचं सरकारी मूल्यांकन तेवढंच आलं होतं. (हा निधी समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून भरतो. रान वाचवायला तेलाचा पैसा, असा हा गमतीचा हिशेब.) सरकारी खातं मूल्यांकनाच्या वर सहसा जाऊ शकत नाही, विक्रेत्याला मात्र १० कोटी हवे होते. मधले ३ कोटी ७६ लाख उद्यानाच्या प्रतिष्ठानाने सुमारे ४०० देणगीदारांकडून उभे केले. म्हणजे लोकांचा पैसा अख्ख्या जमिनीला लागला नाही, तो फटीत लागला. वर्गणी काढणाऱ्यांनी आधी ही फट मोजावी. पूर्ण किंमत उभी करायचा ताण पुष्कळदा विनाकारण असतो.

भावाचा आणखी एक पेच आहे. जमलेला आकडा सगळ्या जगाला दिसतो, म्हणजे विक्रेत्यालाही आणि दुसऱ्या बोलीदारालाही. म्हणून शक्य असेल तिथे आधी इसार देऊन भाव आणि मुदत लिहून घ्यावी, मग आवाहन करावं. उलट टोकाला तेलसम्राटाचे पुत्र जॉन डी. रॉकफेलर धाकटे. त्यांनी १९२७ पासून याच टेटनच्या पायथ्याची जमीन एका कंपनीच्या आडून गुपचूप घ्यायला सुरुवात केली. नाव कळलं असतं तर भाव चढला असता, हा विचार पैशांच्या दृष्टीने बरोबरच होता. पण १९३० मध्ये गुपित फुटलं, चौकश्या झाल्या, आणि १९४३ मध्ये तिथे राष्ट्रीय स्मारक (अमेरिकेत हाही संरक्षित क्षेत्राचाच एक प्रकार) जाहीर झालं तेव्हा चिडलेल्या पशुपालकांनी त्या हद्दीतून गुरं हाकत नेऊन निषेध केला. रॉकफेलरांची ३२ हजार एकरांहून अधिक जमीन सरकारने देणगी म्हणून स्वीकारली ती १९४९ मध्ये. गुपचूप खरेदीत वाचलेले पैसे वीस वर्षांच्या कटकटीत फिटले का, हे ज्याने त्याने ठरवावं. मला ते फिटलेले वाटत नाहीत.

विकत घेऊन संस्थेकडे ठेवणं

उद्यान घ्यायला तयार नसेल, किंवा सरकारवर भरवसा नसेल, तर जमीन विश्वस्त संस्थेच्या नावावर ठेवतात. कोस्टा रिकात माँतेवेर्दे इथलं ‘मुलांचं शाश्वत वर्षावन’ असंच उभं राहिलं. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या गावच्या शाळेतल्या मुलांनी पैसे जमवायला सुरुवात केली, मग ४४ देशांतली मुलं त्यात आली. आज ते २२ हजार हेक्टरांहून मोठं आहे आणि एक स्थानिक संस्था ते सांभाळते.

इथे देणाऱ्याने एकच गोष्ट कसून तपासावी: सांभाळायचा पैसा कुठून येणार? पहारेकरी, वणवा, तण, चोरटी शिकार, हद्दीचे वाद आणि कर. कर हा शब्द रुक्ष वाटतो, म्हणून एक किस्सा. १९५५ मध्ये क्वेकर ओट्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने कॅनडातल्या युकॉनमधली जमीन इंचाइंचाने आपल्या पाकिटांसोबत वाटली. लाखो लोकांकडे त्या चौरस इंचाची कागदपत्रं होती. १९६५ मध्ये ती सगळी जमीन सरकारजमा झाली, कारण ३७ डॉलर २० सेंट इतका कर कुणी भरला नव्हता. ती जाहिरातबाजी होती, संवर्धन नव्हे, पण जमीन कशी हातची जाते ते यावरून समजतं. आजही ‘एक चौरस फूट तुमच्या नावावर’ म्हणणाऱ्या योजना दिसतात. स्कॉटलंडमध्ये तर कायद्यानेच असे आठवणीपुरते तुकडे मालकीनोंदणीत घेतले जात नाहीत. प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक.

याच्या उलट अमेरिकेच्या मेन राज्यातले पर्सिव्हल बॅक्स्टर. आमदार आणि राज्यपाल असताना राज्याने कटाडिन पर्वत घ्यावा म्हणून त्यांनी खटपट केली, ती जमली नाही. मग स्वतःच्या पैशाने घ्यायला लागले. पहिला भाग त्यांनी १९३१ मध्ये राज्याला दिला, शेवटची खरेदी १९६२ मध्ये, आणि एकूण दोन लाख एकरांच्या वर गेलं. दानपत्रांत हे रान कायम रानच राहील अशी अट, आणि खर्चासाठी वेगळी ठेव. सरकारी मालकी आणि विश्वस्ताची अट, दोन्हींचा मेळ घालणारं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्याच बॅक्स्टर उद्यानाच्या पूर्वेला रॉक्सॅन क्विम्बी या उद्योजिकेने पुढे ८७ हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. त्यांनी सुरुवातीला शिकार आणि बर्फगाड्या बंद केल्या आणि आसपासचे लोक खवळले. मुलाने नंतर वर्षानुवर्षं गावोगाव बसून बोलणी केली, काही भाग शिकारीला खुला केला, दोन कोटी डॉलरची ठेव दिली, आणखी दोन कोटी जमवण्याचा शब्द दिला. २०१६ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. विकत घेतलेल्या जमिनीवर कायद्याने मालकाचा हक्क असतो. पण पिढ्यान्पिढ्या तिथून जाणाऱ्या-येणाऱ्यांचाही एक हक्क मनात असतो, आणि तो खरेदीखतात लिहिलेला नसतो.

हक्क विकत घेणं

तिसऱ्या मार्गात मालक मालकच राहतो, गुरं चारतो, शेती करतो, जमीन विकतोही. विकत घेतला जातो तो फक्त तुकडे पाडण्याचा आणि बांधकामाचा हक्क, आणि तो करार करून कायमचा मिटवला जातो. पुढचा मालकही त्याला बांधील. ज्या भूभागात माणसं राहतात आणि राहावीतही, तिथे मला हाच मार्ग सर्वांत समंजस वाटतो. पूर्ण किमतीपेक्षा तो सहसा स्वस्त पडतो आणि राखण मालकच करतो.

त्रुटीही आहेत, आणि त्या लहान नाहीत. कॅलिफोर्नियात हर्स्ट कुटुंबाच्या ८२ हजार एकरांच्या कुरणासाठी २००५ मध्ये राज्याने ८ कोटी डॉलर रोख आणि दीड कोटींची करसवलत दिली. किनाऱ्याची पट्टी लोकांना मिळाली, पण कुरणाचा मोठा भाग आजही खासगीच, आत जाता येत नाही. इतका पैसा देऊन पाहायलाही मिळत नसेल तर काय मिळालं, असं विचारणारे तेव्हाही होते. मिळालं ते एवढंच, की तिथे हॉटेलं आणि बंगल्यांच्या रांगा येणार नाहीत. मला ते पुरेसं वाटतं. पण ‘आपण घेतलं’ असं सांगून लोकांकडून वर्गणी मागायची असेल तर हा मार्ग अवघड, कारण दाखवायला काही नसतं. शिवाय करसवलतीच्या मोहाने या करारांचा अमेरिकेत गैरवापरही झाला. गुंतवणूकदारांचे गट सोडलेल्या हक्काची फुगवलेली किंमत दाखवून कर बुडवायचे, आणि २०२२ च्या अखेरीस तिथल्या संसदेला कायदा कडक करावा लागला. कराराची पाहणी दरवर्षी कोण करणार आणि मोडला तर कोर्टात कोण जाणार, याचं नाव-गाव कागदावर असल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

भाडं

केनियातलं नैरोबी राष्ट्रीय उद्यान ११७ चौरस किलोमीटरचं, तीन बाजूंनी शहराने वेढलेलं. दक्षिणेची बाजू उघडी, आणि तिथून प्राणी कितेंगेलाच्या मैदानांत ये-जा करतात. ती जमीन मासाई कुटुंबांची. २००० मध्ये तिथे एक योजना सुरू झाली: कुंपण घालू नका, तुकडे विकू नका, एकरी वर्षाला चार डॉलर घ्या. पैसे शाळेची फी भरायच्या वेळी हातात पडतील असे तीन हप्ते. कुणी तरी त्या कुटुंबांच्या घरात बसून विचार केला असावा, आणि चांगला केला असावा. पण बाहेरून येणारा निधी आटला तशी योजना बंद पडली, आणि शहर वाढतच राहिलं. मासाई मारा अभयारण्याभोवतीही जमीनमालक पर्यटन कंपन्यांना जमीन भाड्याने देतात. ते बरंच मोठं आणि टिकाऊ झालं आहे, पण २०२० मध्ये पर्यटक थांबले तसे भाड्याचे हप्तेही कापले गेले.

म्हणजे भाडं स्वस्त, लवकर सुरू होणारं आणि कुणालाही न उठवणारं. पण दरवर्षी नव्याने वर्गणी मागावी लागते, आणि दहाव्या वर्षी पहिल्या वर्षाचा उत्साह नसतो.

माणसं उठवण्याचं म्हणाल तर अमेरिकेतलं ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान आठवतं. तिथे १९२० च्या दशकात शाळकरी मुलांनी नाणी जमवली, १९२८ मध्ये रॉकफेलर कुटुंबाच्या निधीने ५० लाख डॉलर दिले, दोन राज्यांनी पैसे घातले, आणि १९३४ मध्ये उद्यान झालं. त्या वर्गणीचं कौतुक सगळे करतात. मात्र सक्तीच्या संपादनात घरं सोडावी लागलेली कुटुंबंही त्याच हिशेबात येतात.

मग काय निवडावं

तुकडा छोटा असेल, प्राण्यांच्या वाटेतल्या अरुंद जागी असेल, विक्रेता एक असेल आणि उद्यान लेखी होकार देत असेल, तर विकत घ्या. इथे करार-भाड्याच्या नादी लागणं म्हणजे वेळ घालवणं. जागा मोठी आणि निर्मनुष्य असेल पण सरकार घ्यायला कचरत असेल, तर संस्था चालेल, मात्र बॅक्स्टरसारखी अट आणि ठेव दोन्ही हवीत. ठेव नसेल तर अर्धीच जमीन घ्या. माणसं, गुरं, शेती असेल तर हक्क विकत घ्या. भाडं निवडावं ते वेळ मिळवण्यासाठी, चार-पाच वर्षांची मुदत धरून, तेवढ्यात मालकांशी कायमचा करार होईल अशा बेताने. ते कायमचं औषध समजू नये.

आणि पैसे पाठवण्याआधी आवाहनाच्या खालच्या बारीक अक्षरात एक वाक्य शोधा: व्यवहार फिसकटला तर माझे पैसे परत येतील, की दुसऱ्या जमिनीला लागतील? दोन्ही उत्तरं चालतील. उत्तरच नसेल, तर फोन करून विचारा, आणि तोवर थांबा.