म्हातारा गडी की तरुण चॅम्पियन? भरिताची पैज लावण्याआधी

हेवीवेट बॉक्सिंगच्या जगज्जेतेपदाच्या बेल्टसाठी चाळिशीच्या आसपासचा एखादा जुना गडी पुन्हा रिंगमध्ये उतरणार अशी बातमी आली की आमच्याकडे तालमीत लगेच दोन तट पडतात. पोरं म्हणतात, "त्यानं आते काय खरं नही भो." वस्तादांच्या वयाची मंडळी म्हणते, मूठ शाबूत आहे तोवर काहीही होऊ शकतं. पैज असते बामणोदच्या वांग्यांच्या भरिताची आणि कळण्याच्या भाकरीची. मोबाइलवर ॲप उघडून पैसे लावणाऱ्यांसाठी हे लिहिलेलं नाही. पण सगळ्या तालमीला भरीत खाऊ घालायचं म्हणजे खिशाला चाट बसतेच, तेव्हा कोणत्या बाजूला बसायचं ते नीट बघून ठरवावं.

जुन्या गड्याच्या बाजूचा प्रत्येक जण आधी जॉर्ज फोरमनचं नाव घेतो, आणि ते बरोबरच आहे. ५ नोव्हेंबर १९९४, लास व्हेगास. फोरमन ४५ वर्षांचा, वजन ११३ किलो. समोर २६ वर्षांचा डावखुरा चॅम्पियन मायकेल मूरर. वीस वर्षांपूर्वी मोहम्मद अलीकडून हरताना घातलेली लाल चड्डीच फोरमनने त्या रात्री चढवली होती. नऊ फेऱ्या तो मार खात होता आणि तिन्ही पंचांच्या कागदावर मूरर पुढे होता. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा हात हनुवटीवर बसला. दहा आकडे मोजून झाले तरी मूरर उठला नाही.

मात्र याच फोरमनच्या त्याआधीच्या दोन लढती ही मंडळी सांगत नाहीत. एप्रिल १९९१ मध्ये इव्हँडर होलीफिल्डने त्याला बारा फेऱ्या झुंजवून गुणांवर हरवलं. जून १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनने हरवलं. मॉरिसन खरा तर ठोसेबाज, पण त्या रात्री तो समोर उभाच राहिला नाही. गोल फिरत राहिला, दोन हात मारून बाजूला सरकत राहिला. म्हणजे फोरमन तोच, मूठ तीच. बदलला तो समोरचा. मूररला त्याचा प्रशिक्षक टेडी ॲटलस सारखा बजावत होता, याच्यासमोर थांबू नकोस. तो थांबला.

म्हणून माझा पहिला प्रश्न म्हाताऱ्याबद्दल नसतोच. तरुण गडी कसा खेळतो? प्रेक्षकांना खूश करायला छाती पुढे काढून मारामारी करणारा असेल, तर म्हाताऱ्याला संधी आहे. कंटाळवाणा, पाय न थांबवणारा, लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकणारा असेल, तर भरीत तरुणाच्या नावावर लिहून टाका.

ठोशाचा जोर वयाने सगळ्यात उशिरा जातो. पाय आधी जातात, त्यानंतर नजर आणि हात यांचा मेळ. फट दिसते, पण हात निघेपर्यंत ती मिटलेली असते. कुस्तीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको: जत्रेतल्या निकाली कुस्तीत जुन्या पैलवानाला एक डाव लागला तरी पुरतो, गुणांच्या कुस्तीत मात्र सहा मिनिटं दम टिकवावा लागतो. बेल्टची लढत बारा फेऱ्यांची. तीन मिनिटं झुंज, एक मिनिट विसावा. कमी ठोसे टाकणाऱ्याकडून फेऱ्या एकेक करून निसटत जातात आणि नवव्या-दहाव्या फेरीला त्याच्याकडे नॉकआउटशिवाय दुसरा रस्ता उरत नाही.

आता शरीर. इथे भलेभले फसतात. वजनाच्या दिवशीचा फोटो येतो, पोट आत गेलेलं, छाती कोरीव, आणि तालमीत आरोळी उठते की गडी पुन्हा तयार झाला. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्ससमोर उतरलेला मोहम्मद अली बघा. वय ३८, दोन वर्षं रिंगबाहेर, आणि दिसायला असा सडपातळ की तरुणपणीचा अली आठवावा. तो बारीकपणा सरावाचा कमी आणि थायरॉइडच्या औषधाचा जास्त होता. अंगात ताकदच नव्हती. तिन्ही पंचांनी झाडून सगळ्या फेऱ्या होम्सला दिल्या, आणि दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने कॉर्नरमधूनच लढत थांबवली. फोटोतला सडपातळ म्हातारा बघून पैज घेऊ नये. उलट फोरमनचं पोट सुटलेलं होतं.

वयाचा आकडा फसवा आहे हे त्याच होम्सवरून कळतं. जानेवारी १९८८ मध्ये तो ३८ वर्षांचा होता, जवळपास दोन वर्षं लढलाच नव्हता, आणि २१ वर्षांच्या टायसनने त्याला चौथ्या फेरीत तीनदा पाडून संपवलं. जून १९९२ मध्ये तो ४२ चा झाला होता आणि होलीफिल्डपुढे पुऱ्या बारा फेऱ्या उभा राहिला. हरला, पण गुणांवर. एक तर होलीफिल्ड म्हणजे टायसन नव्हे. दुसरं म्हणजे यावेळी होम्स आधीपासून लढत होता, चारच महिन्यांपूर्वी रे मर्सरला हरवून आला होता. चार वर्षांनी म्हातारा होऊनही गडी बरा दिसला. तेव्हा जन्मतारखेच्या आधी शेवटच्या खऱ्या लढतीची तारीख बघा.

हनुवटीचं फार बोलायला नको. मागच्या दोन-तीन लढतींत साध्या ठोशाला गुडघे वाकले असतील तर विषय संपला.

जुना गडी आव्हानवीर नसून स्वतःच चॅम्पियन असेल तर मात्र गणित उलटं होतं. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीला ओलेक्झांडर उसिकने दहा वर्षांनी लहान डॅनियल दुबुआला पाचव्या फेरीत झोपवलं, तेव्हा तो ३८ चा होता. त्याचे पाय तेव्हाही चालत होते आणि मोठ्या लढतींत त्याचा खंड पडलेला नव्हता. अशा माणसाला फोरमनच्या रांगेत बसवून "म्हातारा" म्हणणारी पोरं भरीत हरणार.

राहिला मधला प्रकार, म्हणजे दम आहे पण खंड पडलेला गडी, आणि बहुतेक वेळा हाच समोर येतो. एप्रिल २०१७, पुन्हा वेम्बली. व्लादिमीर क्लिच्को ४१ चा, अँथनी जोशुआ २७ चा. क्लिच्को पाचव्या फेरीत पडला, उठला, सहाव्यात त्याने जोशुआला पाडलं. पण तुटून पडायच्या वेळी तो सावध झाला, जोशुआला सावरायला वेळ मिळाला आणि अकराव्या फेरीत पंचाने लढत थांबवून जोशुआला विजयी ठरवलं. क्लिच्को सतरा महिन्यांनी रिंगमध्ये आला होता, तो खंड मला त्या सहाव्या फेरीत दिसला.

माझा कौल सांगतो. साधी "कोण जिंकणार" अशी पैज असेल तर मी तरुणाकडे बसतो. जर्सी जो वॉलकॉटने १९५१ मध्ये ३७ व्या वर्षी, पाचव्या प्रयत्नात बेल्ट मिळवला हे मला माहीत आहे, तरीही. पण पैज लावणारा समोरचा फुशारकीने म्हणाला की चार फेऱ्यांत आटोपेल, आणि म्हातारा गेल्या वर्षभरात एखादी खरी लढत लढलेला असेल, तर मी बाजू बदलतो. आणि म्हाताऱ्याकडून कोणाला बसायचंच असेल तर त्याने "नॉकआउटने" असं बोलून घ्यावं, आणि बदल्यात दोन भरितं मागावीत.