आल्प्सच्या घाटांतील मोटारसायकल सहल : वाटाड्याला मानले, माहितीपत्रकाला नाही

आल्प्समध्ये मोटारसायकल चालवायला नेणाऱ्या मुंबईतील एका सहल संस्थेबरोबर आम्ही चार मित्र जुलै महिन्यात दहा दिवस जाऊन आलो. त्यांपैकी आठ दिवस प्रत्यक्ष चालवण्याचे होते आणि विमानाचे तिकीट व व्हिसा वगळून माणशी साडेचार लाख रुपये आम्ही मोजले. संस्थेचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारी एकाच दुकानापुरत्या असतील असे मला वाटत नाही आणि पैसे भरण्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवे होते, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

मुळात असे पाहा की, आल्प्सचे बहुतेक घाट कोणालाही खुले आहेत. फुर्का (२४२९ मीटर), ग्रिमसेल (२१६४ मीटर) आणि सुस्टेन (२२२४ मीटर) हे स्वित्झर्लंडमधले तीन घाट एकाच फेरीत, आंडरमाट गावाहून निघून आंडरमाटलाच परत येत, सुमारे १२० किलोमीटरमध्ये होतात आणि या घाटांवर कोणी टोल मागत नाही. म्युनिकमध्ये भाड्याने मोटारसायकल मिळते, नकाशे फोनमध्ये असतात. मग साडेचार लाख नेमके कशाचे, हा प्रश्न आमच्यातल्या हिशेबी दादरकराने पहिल्याच बैठकीत विचारला होता. त्याचे उत्तर मला चौथ्या दिवशी मिळाले, पण ते ज्या माणसामुळे मिळाले त्याचा माहितीपत्रकात उल्लेखही नव्हता.

आधी मुंबईच्या कार्यालयाविषयी. व्हिसाची कागदपत्रे त्यांनी नीट लावून दिली, शेंगेन व्हिसासाठी लागणारा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही काढून दिला. परवान्याच्या बाबतीत मात्र 'आपला परवाना इंग्रजीत आहे, तेवढा पुरतो' असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले होते. दादरकराचा त्यावर विश्वास बसला नाही आणि त्याने आम्हा सर्वांना आपापल्या आरटीओत पाठवून आंतरराष्ट्रीय परवाना काढायला लावला. म्युनिकच्या काउंटरवर पहिली मागणी त्याच पुस्तिकेची झाली. ती नसती, तर आमची सहल तिथल्या वाहनतळावरच आटोपली असती. हा परवाना वर्षभर चालतो, म्हणजे फार आधी काढून ठेवण्यातही अर्थ नाही. विम्याच्या बाबतीतही एक खबरदारी सांगतो : मोठ्या मोटारसायकलीवरचा अपघात साध्या प्रवास विम्यातून वगळलेला असू शकतो, त्यामुळे पॉलिसीतली बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचावीत.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. मुलुंडकर उंचीने पाच फूट चार इंच आहे. त्याने कमी उंचीची सीट हवी असल्याचे मे महिन्यातच ईमेलने कळवले होते आणि 'नोंद घेतली आहे' असे उत्तरही आले होते. प्रत्यक्षात त्याच्यासमोर बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस उभी केली गेली : वजन २४९ किलो, सीटची उंची ८५० मिलिमीटर. त्याच्या घरची जुनी रॉयल एनफील्ड हिमालयन १९९ किलोची आणि ८०० मिलिमीटर उंचीची. कागदावर पाच सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक दिसतो, परंतु उतारावर उभे राहून टाच जमिनीला टेकते की नुसते चवडे, यावरच त्या दिवसाचा सगळा आत्मविश्वास ठरतो. आमच्या वाटाड्याने भाडेवाल्याशी जर्मनमध्ये बराच वेळ हुज्जत घालून मुलुंडकराला बीएमडब्ल्यूचीच धाकटी एफ ७५० जीएस मिळवून दिली. तिची सीट ८१५ मिलिमीटरची. त्यात सकाळचा एक तास गेला, पण पुढचे आठ दिवस वाचले.

हा वाटाड्या म्हणजे साठीच्या आसपासचा, ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातला, मितभाषी माणूस. संस्थेने त्याला स्थानिक पातळीवर नेमलेले होते. पहिल्या दिवशी त्याने आम्हाला घाटात नेलेच नाही. गावाबाहेरच्या एका रिकाम्या वाहनतळावर दोन तास फक्त गोल फिरायला लावले, तेही उजवीकडे. दोन वेळा लडाख आणि दर पावसाळ्यात माळशेज व ताम्हिणी करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा अपमान वाटला. बोरिवलीकर तर हेल्मेटमध्येच पुटपुटला, "अरे, याला सांगा कोणीतरी, आम्ही शिकाऊ नाही."

त्या दोन तासांचे कारण इथे सविस्तर लिहितो, कारण भारतातून जाणाऱ्या प्रत्येकाला ते कळायला हवे आणि आमच्या माहितीपत्रकात त्याविषयी अवाक्षर नव्हते. आपण डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे घाटात आपल्याला डावीकडचे वळण आवळ लागते आणि उजवीकडचे ऐसपैस मिळते. युरोपात हे नेमके उलटे होते. उजवीकडचे हेअरपिन वळण, म्हणजे केसांच्या पिनेसारखे जवळजवळ उलट फिरणारे वळण, चढावर घेताना वेग पायी चालण्याइतका उतरतो आणि गाडी आतल्या अंगाला कलते. तोल गेला तर टेकवायचा पाय उजवा असतो, आणि मागचा ब्रेक असतो त्याच पायाखाली. म्हणजे पाय टेकवला की मागचा ब्रेक गेला, पुढचा दाबला तर वळलेले चाक गाडीला आडवी पाडते. आपल्या घाटांत डावा पाय टेकवून उजव्याने ब्रेक धरण्याची जी सवय अंगात मुरलेली असते, ती इथे बिनकामाची ठरते. वाटाड्याचा उपाय साधा होता : नजर वळणाच्या शेवटाकडे, पहिला गिअर, क्लच अर्धवट, मागचा ब्रेक किंचित दाबलेला आणि वळण संपेपर्यंत पाय खाली आणायचाच नाही. ज्या बोरिवलीकराने हे सर्वांत कमी मनावर घेतले, त्याचीच गाडी पुढे स्टेल्व्हिओ घाटात आडवी झाली.

ग्रोसग्लॉकनरचा रस्ता दुसऱ्या दिवशी केला. १९३५ साली खुला झालेला, ४८ किलोमीटर लांबीचा आणि ३६ हेअरपिन वळणांचा हा ऑस्ट्रियातला मार्ग डांबराच्या दर्जात अव्वल आहे. वळणे रुंद, कठडे भक्कम, चढ समंजस. नवख्याने सुरुवात इथूनच करावी. मात्र हा टोलचा रस्ता आहे आणि 'सर्व समाविष्ट' लिहिलेल्या पत्रकात हा टोल समाविष्ट नव्हता, हे नाक्यावर कळले. डोलोमाइट पर्वतातला पोर्दोई घाट (२२३९ मीटर) देखणा आहे, पण पर्यटक बसगाड्यांच्या मागे अडकल्यामुळे तो दिवस आमच्या वाट्याला फारसा आला नाही.

स्टेल्व्हिओ मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. २७५७ मीटर उंचीचा हा इटलीतला घाट ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात, कार्लो दोनेगानी या अभियंत्याकडून, लोंबार्डीचा प्रांत जोडण्यासाठी बांधून घेतला. आपल्या बोरघाटातून चाकाच्या वाहनांना रस्ता मिळाला तो १८३० साली, म्हणजे दोन्ही एकाच पिढीचे. बोरघाट वाढत वाढत द्रुतगती महामार्ग झाला, तर स्टेल्व्हिओची प्रातो गावाकडची ४८ वळणे अजूनही घोडागाडीच्या मापाची वाटतात. प्रत्येक वळणावर आकडा लिहिलेला आहे. छायाचित्रांत तो रस्ता रेशमी फितीसारखा दिसतो. वस्तुस्थितीत तो अरुंद आहे, काही ठिकाणी उखडलेला आहे आणि सुट्टीच्या दिवशी सायकलस्वार, मोटारी व मोटारसायकली यांनी दादर स्थानकाच्या पुलासारखा भरतो. वाटाड्याने म्हणूनच आम्हाला पहाटे उठवून, हॉटेलला न्याहारी लवकर मांडायला लावून, साडेसातच्या आत घाटाच्या पायथ्याशी आणले होते. वर पोहोचलो तेव्हा थंडीने बोटे वाकत नव्हती आणि समोर ऑर्टलरचे ३९०५ मीटरचे शिखर ढगातून अर्धवट बाहेर आले होते. तासाभराने उलट दिशेला पाहिले, तर खालच्या वळणांवर वाहनांची रांग लागलेली होती.

बोरिवलीकर त्याआधीच, आमच्या मोजणीप्रमाणे तेविसाव्या वळणावर, वरून येणाऱ्या मोटारीला पाहून थबकला, उजवा पाय टाकला आणि गाडी हळूच आडवी झाली. त्याला खरचटलेही नाही. पुढच्या ब्रेकचा दांडा मोडला आणि बाजूची पेटी घासली गेली. वाटाड्याकडे सुटा दांडा होता. त्याने वीस मिनिटांत तो बसवला आणि एक शब्दही न बोलता पुढे निघाला. कोणी ओरडले असते तर एक वेळ चालले असते, असे बोरिवलीकर नंतर म्हणाला.

आता त्या चौथ्या दिवसाविषयी. कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड घाटाचा जुना त्रेमोला रस्ता होता : २४ वळणे, आणि डांबराऐवजी ग्रॅनाइटचे चिरे. सकाळपासून रिमझिम लागली होती. वाटाड्याने आकाशाकडे नव्हे, तर वाहनतळाच्या फरशीकडे पाहिले आणि त्रेमोला रद्द केला. मुलुंडकर चिडला. ज्या रस्त्यासाठी आलो तोच गाळायचा, आणि तोही पावसासाठी, मुंबईकरांना? वाटाड्याचे म्हणणे असे होते की पावसाची भीती नाही. परंतु चाकांनी गुळगुळीत झालेल्या ओल्या चिऱ्यांवर उतरताना ब्रेक लावला की टायर पकड सोडतो, आणि पकड कधी सुटली हे कळते ते खाली पडल्यावर. त्याऐवजी त्याने आम्हाला फुर्कामार्गे ऱ्होन हिमनदीपाशी नेले, जिथे वितळणारा बर्फ जपण्यासाठी त्यावर पांढरी कापडे अंथरलेली दिसतात. एखाद्या आजारी माणसाला पांघरूण घालावे तसे ते दृश्य आहे आणि मला ते कोणत्याही घाटापेक्षा जास्त लक्षात राहिले. दुसऱ्या दिवशी चिरे कोरडे होताच त्याने नवीन रस्त्याने पायथ्याच्या ऐरोलो गावाला उतरवून त्रेमोला खालून वर चढवला. उतरण्यापेक्षा चढणे सोपे, हे त्याने आदल्या रात्रीच ठरवून ठेवले होते. साडेचार लाखांतले निदान निम्मे या एका निर्णयाचे होते, असे दादरकरानेही मान्य केले, आणि तो सहसा काही मान्य करत नाही.

वाटेतल्या नियमांची जाण हीसुद्धा त्याचीच देणगी. स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यांवर पोस्टाच्या पिवळ्या बसला मान द्यावा लागतो, तिच्या चालकाने खूण केली की थांबायचे. तिचा तीन सुरांचा भोंगा रोसिनीच्या 'विल्यम टेल' या संगीतिकेतून घेतलेला आहे आणि आंधळ्या वळणाआधी तो ऐकू आला की आम्ही कडेला होऊन जात असू. वेगमर्यादेबाबत त्याने रोज बजावूनही मुलुंडकराने एका गावात ५०च्या मर्यादेत आठ किलोमीटर जास्त वेग घेतला. १२० फ्रँक दंड आणि भाडेवाल्याचे टपालशुल्क सप्टेंबरमध्ये घरी पोहोचले.

हॉटेले साधी, स्वच्छ आणि मोटारसायकलवाल्यांची गरज ओळखणारी होती. तळघरात ओले बूट व जॅकेट सुकवण्याची गरम खोली असते, तशी एखादी माळशेजच्या पायथ्याशी कोणी काढली तर मी तिथे मुक्कामाला जाईन. शाकाहारी दादरकराचे हाल होतील असे वाटले होते, पण पालकाचे उकडलेले गोळे आणि चीज घातलेले शेवयांसारखे पदार्थ यांवर त्याचे निभावले. फक्त वर पेरलेले डुकराच्या मांसाचे तुकडे आधीच नाही म्हणून सांगावे लागतात.

परतल्यावर बोरिवलीकराच्या अनामत रकमेतून ६४० युरो कापले गेले. 'विमा पूर्ण आहे' असे कार्यालयातल्या बाईंनी तोंडी सांगितले होते, परंतु करारात पहिल्या १५०० युरोंपर्यंतचे नुकसान चालकाचे, असे स्पष्ट लिहिले होते आणि तो करार आम्हाला म्युनिकच्या काउंटरवर, तोही जर्मनमध्ये, पहिल्यांदा दिसला. तो मुंबईतच, सही करण्याआधी, समजेल अशा भाषेत मागून घ्यावा. टोलचे पैसे संस्थेने तक्रारीनंतर परत केले, दांड्याचे आणि पेटीचे केले नाहीत.

पुढल्या वर्षीचे माहितीपत्रक गेल्या आठवड्यात आले. 'सर्व समाविष्ट' हे शब्द जिथे होते तिथेच आहेत. मुखपृष्ठावर मात्र स्टेल्व्हिओच्या माथ्यावर उभे असलेले आम्ही चौघे आहोत आणि बोरिवलीकराची गाडी अशी उभी केलेली आहे की घासलेली पेटी दिसू नये.