सदिशांचा सराव करून घेणारं अ‍ॅप: शिकवतं छान, शून्यापाशी अडखळतं

लेकीला सदिश (व्हेक्टर, म्हणजे परिमाण आणि दिशा दोन्ही असलेल्या, बाणाने दाखवतात त्या राशी) शिकवायचे म्हणून हे अ‍ॅप घेतलं आणि तीन आठवडे दोघींनी मिळून वापरलं. समांतर सदिशांचा धडा मला मनापासून आवडला. (२, −३, ४) आणि (−६, ९, −१२) दिले की आधी बाण दिसतात, मग विचारतं, "पहिल्याला कितीने गुणलं की दुसरा मिळेल?" उत्तर −३. दिशा उलटी, तरी समांतरच! लेक इथेच हमखास चुकायची. बाण फिरताना पाहिला आणि डोक्यात बसलं.

पण एक घोळ आहे. (४, ०, −२) आणि (−६, ०, ३) ला अ‍ॅपने चक्क 'समांतर नाहीत' म्हटलं. घटकांची गुणोत्तरं काढताना ते ०/० वर अडकत असणार. अहो, पहिल्याला −३/२ ने गुणा, दुसरा हजर! सदिश गुणाकारही (क्रॉस प्रॉडक्ट) करून पाहिला, शून्य सदिशच आला, म्हणजे समांतरच. लेक मात्र अर्धा तास स्वतःचीच चूक शोधत बसली होती, त्याचा राग आला. कळवलंय, अजून उत्तर नाही.

जाहिराती नाहीत, अक्षरं जरा बारीक. पाचपैकी साडेतीन तारे.