ऑफसेट, कीसेट की आयडींची यादी? एसक्यूलाइटमधली लांब यादी पानापानाने दाखवताना

समजा, एसक्यूलाइट या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये पाच लाख बिलांचा तक्ता आहे आणि स्क्रीनवर एका वेळी ५० ओळी दाखवायच्या आहेत, नवीन बिल वर. पद्धत ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा: वापरणाऱ्याला खरोखर ‘पान ४००’वर उडी मारायची असते का? बहुतेक अ‍ॅपमध्ये तो फक्त खाली सरकवत जातो किंवा सरळ शोध घेतो.

लिमिट-ऑफसेट (‘इतक्या ओळी वगळून पुढच्या इतक्या द्या’) लिहायला सगळ्यांत सोपं. पण ऑफसेट ५०,००० म्हटलं की एसक्यूलाइट ५०,०५० ओळी ओलांडतं आणि पहिल्या ५०,००० टाकून देतं. बी-ट्रीमध्ये (ओळी ज्या फांद्यांच्या रचनेत साठवतात तिच्यात) कुठल्या फांदीखाली किती ओळी आहेत याचा हिशेब साठवलेला नसतो, म्हणून थेट उडी शक्य नाही. दुसरा दोष जास्त त्रासाचा: पहिलं पान उघडं असताना वर तीन नवी बिलं आली, तर दुसऱ्या पानावर आधी पाहिलेली तीन पुन्हा दिसतात, वरची तीन खोडली गेली, तर तीन बिलं न दिसताच निसटतात. यादी दोन-चार हजारांची असेल तर मात्र ऑफसेटच वापरा, उगाच डोकं शिणवू नका. अँड्रॉइडवर रूमने (एसक्यूलाइट हाताळणारी लायब्ररी) पेजिंग ३ या पानापानाने यादी दाखवणाऱ्या लायब्ररीसाठी तयार केलेला कोडही आतून लिमिट-ऑफसेटच वापरतो, हे ध्यानात असू द्या.

कीसेटमध्ये पान क्रमांकाऐवजी शेवटच्या ओळीची खूण लक्षात ठेवायची:

व्हेअर (तारीख, आयडी) < (?, ?) ऑर्डर बाय तारीख डेस्क, आयडी डेस्क लिमिट ५१

‘?’च्या जागी ती खूण, ‘डेस्क’ म्हणजे उतरता क्रम. एक्कावन्नावी ओळ आली तर पुढे पान आहे. ती दाखवायची नाही. पहिलं पान असो की दहा हजारावं, शोध इंडेक्समध्ये (स्तंभाच्या क्रमाने लावलेल्या सूचीत) थेट त्या जागी पोचतो. कंसातली ही जोडीची तुलना आवृत्ती ३.१५ (२०१६) पासून चालते. आयडी हा ‘इंटिजर प्रायमरी की’ असेल तर नुसत्या तारखेवरचा साधा इंडेक्स पुरतो, कारण प्रत्येक इंडेक्स नोंदीच्या शेवटी रोआयडी (ओळीचा अंतर्गत क्रमांक, इथे तोच आयडी) असतोच. इंडेक्स ‘तारीख डेस्क’ असा केलात तर शेपटीचा रोआयडी चढत्या क्रमातच राहतो आणि सॉर्टिंग मागे लागतं. ‘एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन’ या क्वेरी कशी चालेल ते सांगणाऱ्या आज्ञेत ‘टेम्प बी-ट्री’ (सॉर्टिंगसाठीची तात्पुरती रचना) दिसलं की असंच काहीतरी बिनसलंय.

कीसेट फसतं ते बहुधा पुढल्या ठिकाणी. आयडी न जोडता नुसत्या तारखेवर तुलना केली, तर त्याच तारखेची उरलेली बिलं गळतात. तारीख नल (रिकामी) असेल तर तुलनाही नल होते आणि ती ओळ कधीच दिसत नाही. एक स्तंभ उतरता आणि दुसरा चढता हवा असेल तर जोडीची तुलना चालत नाही, अट फोडून लिहावी लागते. पहिल्या पानासाठी ‘? इज नल ऑर…’ अशी एकच क्वेरी केली तर इंडेक्समधला थेट शोध हातचा जातो. दोन वेगळ्या क्वेऱ्या ठेवा. मागच्या पानासाठी चिन्ह आणि क्रम दोन्ही उलटे करून आलेल्या ओळी पुन्हा उलटवायच्या.

नावानुसार मराठी यादी हवी असेल तर आणखी एक पेच. एसक्यूलाइटची मूळ तुलना बाइटवार असते, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. म्हणून वेगळं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) लावलंत, तर ते इंडेक्स, ऑर्डर बाय आणि व्हेअर या तिन्हींत तेच हवं. ओळी आणल्यावर अ‍ॅपमध्ये क्रम लावलात, तर स्क्रीनवरची शेवटची ओळ ही डेटाबेसची शेवटची ओळ उरत नाही, आणि खूणच चुकते.

कर्सर (चालू क्वेरीचा वाचक) उघडा ठेवून लागेल तशा ओळी ओढणं मोहक वाटतं, पण वाल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या वाल फाइलमध्ये जातात) तो वाचक उघडा असेपर्यंत चेकपॉइंट, म्हणजे ते बदल मूळ फाइलमध्ये नेणं, पूर्ण होत नाही आणि वाल फाइल फुगत जाते. जुन्या रोलबॅक जर्नल पद्धतीत तर लिहिणाऱ्याचं कमिट (बदल पक्का करणं) अडतं, ‘बिझी’ ही त्रुटी येते. निर्यातीसारख्या एका दमात संपणाऱ्या कामाला ठीक, स्क्रीनला नाही.

पान ४०० खरंच हवं असेल तर शोध लागताच सगळे आयडी एकदाच क्रमाने टेम्प (तात्पुरत्या) तक्त्यात भरा: क्रमांक प्रायमरी की, शेजारी आयडी. मग ‘क्रमांक १९,९५१ ते २०,०००’ हा थेट शोध होतो, आणि एकूण पानांचा आकडाही आयता मिळतो. एरवी काउंटसाठी (एकूण ओळी मोजायला) एसक्यूलाइटला दर वेळी सगळा इंडेक्स चाळावा लागतो. मेमरीतल्या अ‍ॅरेत ठेवले तर पाच लाख आयडी, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे ४ एमबी. दरम्यान खोडलेलं बिल पानावर रिकामी जागा सोडतं आणि नवं बिल यादी पुन्हा बांधेपर्यंत दिसत नाही, म्हणून वर ‘ताजं करा’ बटण ठेवा.