डूम आणि डूम २ : काही महिने आलटून पालटून खेळल्यावर

सरळच सांगतो. बंदूक दुसऱ्या भागाची भारी, नकाशे पहिल्याचे. राक्षसांना गोळ्या घालत लेव्हल पार करायचे हे दोन्ही गेम ऑगस्ट २०२४मध्ये एकत्र, नव्या रूपात आले. गेले कित्येक महिने रात्री जेवणं आटोपली की माझं तेच चालू असतं. कधी हा, कधी तो.

‘डूम’ डिसेंबर १९९३चा, ‘डूम २’ त्यानंतर वर्षाच्या आत आलेला. इंजिन तेच, पिस्तूल तेच. नवं काय, तर दुनळी! दोन काडतुसं एकदम उडतात, मग नळ्या मोडून पुन्हा भरताना होणारा तो खटका. अहाहा. जवळून एक बार टाकला की पिंकी (अंगावर धावून येणारा गुलाबी राक्षस) बहुतेक वेळा आडवीच. ही सवय लागल्यावर पहिल्या भागातली साधी शॉटगन मिळमिळीत वाटते.

शत्रूही दुसऱ्या भागात जास्त डोकेबाज. आर्चव्हाइल मेलेल्यांना उठवतो, म्हणजे आधी कुणाला टिपायचं याचा विचार करावाच लागतो. रेव्हेनंटची काही क्षेपणास्त्रं वळून पाठीमागे लागतात. चेनगनवाला तर लांबूनच सोलून काढतो.

मग घोडं अडतं कुठे? नकाशांत. पहिल्या भागाचा पहिला एपिसोड, म्हणजे लेव्हलचा पहिला संच, बहुतांशी जॉन रोमेरोने रचलाय. पहिल्याच लेव्हलमध्ये खिडकीतून अंगणातलं निळं चिलखत दिसतं आणि बाहेर जायला सरळ दार नाही. ती चोरवाट हुडकताना सगळी जागा पाठ होते. ‘डूम २’मध्ये पृथ्वीवरचं शहर म्हणून ‘डाउनटाउन’ येतं, तर समोर नुसती खोकी! ‘द कॅझम’ या लेव्हलच्या अरुंद कडांबद्दल इथे लिहिता येईल असं माझ्याकडे काही नाही. सँडी पीटरसनने रचलेल्या ‘ट्रिक्स अँड ट्रॅप्स’ला मात्र माफी : सायबरडीमन आणि बॅरन या बड्या राक्षसांची आपसात जुंपून द्यायची आणि आपण कडेला उभं राहायचं.

आणखी एक गोष्ट सारखी खटकते. पहिल्या भागात नवा एपिसोड म्हणजे पुन्हा पिस्तुलापासून सुरुवात. दुसऱ्यात तीस लेव्हल सलग. अर्ध्यावर पोचेपर्यंत रॉकेट, प्लाझ्मा, सगळ्याचा साठा गच्च होतो आणि भीती संपते. म्हणून हल्ली मी ‘डूम २’ची प्रत्येक लेव्हल पिस्तुलावरच सुरू करतो. तोच ‘इंडस्ट्रियल झोन’ (हाही रोमेरोचाच, बरं का) मग वेगळा लागतो.

पॅकेजमध्ये अँड्र्यू हल्शल्टचं नवं मेटल संगीत आहे, पण चार-पाच लेव्हलनंतर मी बॉबी प्रिन्सच्या मूळ सुरांवर परत जातो. ‘लेगसी ऑफ रस्ट’ हे नवं प्रकरण चुकवू नका. दुसऱ्या भागाची दुनळी आणि नीट रचलेल्या जागा तिथे एकत्र मिळतात. फक्त प्लाझ्मा गन काढून तिच्या जागी आग ओकणारं हत्यार दिलंय, ते मला अजून जमलेलं नाही.